घरी सुरीला धार लावायची तर दगड किती ग्रिटचा घ्यावा?

निसणा (धागाकर्ता)

सुरीला घरीच धार लावायची असं ठरवलं की पहिला अडसर येतो आकड्यांचा, म्हणजे ग्रिटचा: आकडा जितका मोठा तितके दगडातले कण बारीक. एका दगडावर ४००, दुसऱ्यावर १०००, तिसऱ्याच्या एका बाजूला १००० तर दुसऱ्या बाजूला ६०००. पुढे ८००० आणि १२००० आहेतच. जितका मोठा आकडा तितकी जास्त धार, अशा समजुतीने बरेच जण थेट ६००० चा दगड घेतात. ठार बोथट सुरी त्यावर तासभर फिरवतात, पातं चकचकीत होतं, पण सुरी काही कापत नाही. मग दोष दगडाला नाहीतर सुरीला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एकच दगड घ्यायचा असेल तर १००० च्या आसपासचा घ्या. दोन घ्यायचे असतील तर दुसरा त्याहून भरड घ्या, बारीक नको. बारीक दगड ही तिसरी खरेदी, आणि ती केलीच पाहिजे असंही नाही.

कारण साधं आहे. पात्याचे दोन उतार जिथे एकमेकांना भेटतात ती रेघ म्हणजे धार. सुरी बोथट होते तेव्हा ही रेघ झिजून गोल झालेली असते, किंवा एका बाजूला कलंडलेली असते, किंवा तिचे बारीक तुकडे उडालेले असतात. गोल झालेली धार परत आणायची तर दोन्ही बाजूंचा धातू काढून उतार पुन्हा भेटवावे लागतात. हे काम भरड किंवा मध्यम दगडाचं. बारीक दगड आधीच्या दगडाने पाडलेले ओरखडे उथळ करतो, एवढंच. उतार भेटलेलेच नसतील तर तो ती गोलाई गुळगुळीत करून देतो.

उतार भेटले हे कळतं बर आल्यावर. एका बाजूने घासत राहिलं की धातूची अगदी पातळ पापुद्र्यासारखी कड दुसऱ्या बाजूला वळते, तिला वर्कशॉपमध्ये बर म्हणतात. अंगठा पाठीकडून धारेकडे, म्हणजे धारेच्या बाहेर, हलकेच सरकवला की ती खरखरीत लागते. (धारेच्या लांबीवरून अंगठा फिरवू नका, कृपा करून.) मुठीपासून टोकापर्यंत सलग बर लागली की ती बाजू झाली. मधेच कुठे लागत नसेल तर तिथे उतार अजून भेटलेला नाही, आणि पुढच्या ग्रिटवर जाण्यात काही अर्थ नाही.

सुरुवात कुठून करायची हे सुरीच्या अवस्थेवरून ठरतं. धारेला खाचे पडलेत, टोक मोडलंय, किंवा वर्षानुवर्षं घासून पातं धारेमागे जाड झालंय, तर २०० ते ४००. नुसतीच बोथट असेल तर ४०० ते १०००. कालपरवापर्यंत बरी चालत होती आणि आता जरा मंदावली, तर १००० वर चारदोन हात पुरतात, किंवा २०००-३००० वरच भागतं. थांबायचं कुठे हे मात्र काय कापायचं त्यावर ठरतं, आणि खरा वाद तिथेच होतो.

दोन गोष्टींवर इतरांचं ऐकायला आवडेल. एका ग्रिटवरून दुसऱ्यावर उडी किती मोठी घ्यावी? आणि दोन कंपन्यांचे '१०००' हाताला इतके वेगळे का लागतात?

तिरकस

तासभर फिरवून पातं चकचकीत होतं ना? मग कापायला नाही तरी भांग पाडायला उपयोगी. चालू द्या, वाचतोय.

यंत्रवाला

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या रोजच्या कामातलं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

ग्रिटचा आकडा मुळात चाळणीवरून आला. एका इंचात जितकी जास्त छिद्रं, तितका बारीक कण खाली पडणार. भरड कणांसाठी हे आजही चालतं. पण साधारण २२०-२४० च्या पुढे कण इतके बारीक होतात की चाळणी निरुपयोगी ठरते. तिथून पुढे द्रवात कण किती वेगाने खाली बसतात, यासारख्या पद्धतींनी ते मोजतात. म्हणजे १००० छिद्रांची चाळणी वगैरे काही नसते, तो मानकात ठरवलेला आकडा आहे.

आणि मानक एक नाही. जपानी दगडांवर जेआयएसचा, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाचा, आकडा असतो. युरोपात फेपाचे, म्हणजे घर्षक बनवणाऱ्यांच्या महासंघाचे, दोन तक्ते आहेत: बांधीव दगड आणि चाकांसाठी 'एफ', आणि पॉलिश पेपरसाठी 'पी'. अमेरिकेचा आणखी निराळा. आता एकच '१०००' घ्या. जेआयएसमध्ये त्याचा मधला कण साधारण ११.५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पॉलिश पेपरच्या पी १००० मध्ये १८.३ मायक्रॉन. आणि एफ १००० मध्ये ४.५ मायक्रॉन. एकाच आकड्यात चौपट फरक! पी १००० चा पेपर जपानी हिशेबाने ६०० आणि ८०० च्या मधे कुठेतरी बसतो, तर एफ १००० जवळपास जपानी ३००० च्या घरात जातो.

म्हणून आकड्यांची तुलना करायची तर मायक्रॉनमध्ये करा. जेआयएसचे काही आकडे लिहून ठेवा: ४०० म्हणजे ३० मायक्रॉन, ६०० म्हणजे २०, ८०० म्हणजे १४, २००० म्हणजे ६.७, ३००० म्हणजे ४, ६००० म्हणजे २, आणि ८००० म्हणजे १.२. काही उत्पादक दगडावरच मायक्रॉन छापतात, ते सगळ्यात प्रामाणिक. शाप्टन या जपानी कंपनीच्या काचेवर बसवलेल्या दगडांवर १००० ला १४.७ मायक्रॉन असं लिहिलेलं असतं, म्हणजे तो जेआयएसच्या तक्त्यापेक्षा थोडा भरडच आहे, पण निदान कळतं तरी.

ज्या दगडावर नुसता आकडा आहे, मानकाचं नाव नाही आणि मायक्रॉनही नाही, त्याच्या आकड्यावर फार विसंबू नका. विशेषतः १०००० वगैरे लिहिलेल्या बेनामी दगडांच्या.

उडीबद्दल: कणाचा आकार एका वेळी निम्मा ते एक तृतीयांश व्हावा, इतपत ठीक. ४०० वरून १००० म्हणजे ३० वरून ११.५, चालतं. १००० वरून ३००० म्हणजे ११.५ वरून ४, तेही चालतं. १००० वरून ६००० ही जवळजवळ सहापट उडी. अशक्य नाही, पण १००० चे खोल ओरखडे २ मायक्रॉनचा कण काढणार म्हणजे हात दुखेपर्यंत घासा.

मोगरा

यंत्रवाला, हे मायक्रॉनचं आधी कुणी सांगितलं नव्हतं. बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला.

आता माझा व्यवहारातला प्रश्न. दुहेरी दगड घ्यायचा आहे. ४००/१००० घेऊ की १०००/६०००? सगळीकडे दुसऱ्याचीच शिफारस दिसते. घरात चार सुऱ्या आहेत, सगळ्या साध्या स्टेनलेसच्या, आणि सगळ्या सारख्याच बोथट.

निसणा

मोगराताई, तुमच्या वर्णनावरून ४००/१०००, डोळे मिटून. 'सगळ्या सारख्याच बोथट' याचा अर्थ प्रत्येकीला पहिल्यांदा धातू काढावा लागणार. ते काम १००० वर होईल, पण वेळ लागतो, आणि वेळ लागला की हात थकतो, कोन ढळतो आणि बर यायच्या आधीच माणूस सोडून देतो. ४०० वर तीच बर काही मिनिटांत येते. एकदा सगळ्या सुऱ्या वळणावर आल्या की ४०० ची बाजू क्वचितच लागेल, रोजचं काम १००० करेल.

१०००/६००० ची शिफारस होते ती बहुधा ज्यांच्या सुऱ्या आधीच चांगल्या राखलेल्या आहेत अशांकडून. त्यांना भरड बाजू लागत नाही हे खरंच आहे.

सुतारपक्षी

मला हा 'बारीक दगड म्हणजे चैन' सूर पटलेला नाही. मी पटाशी आणि रंध्याच्या पात्यांना धार लावतो. तिथे १००० वर थांबलं तर लाकडावर रेघा उमटतात आणि लाकूड आडवं कापताना तंतू चिरडतात. ८००० पर्यंत गेल्याशिवाय काम होत नाही. आणि धार जितकी गुळगुळीत तितकी ती टिकते, कारण खडबडीत धारेचे उंच दाते आधी मोडतात. मग सुरीला वेगळा न्याय का?

गार_पाणी

सुतारपक्षी, कारण सुरीचा हात वेगळा फिरतो. पटाशी सरळ पुढे ढकलली जाते, तिथे दाते नकोतच. वस्तराही तसाच. पण घरातली सुरी बहुतेक वेळा मागेपुढे ओढत चालते. अशा ओढीत धारेवरचे सूक्ष्म दाते सालीत रुततात. टोमॅटोवर ८००० ची धार वजनाने टेकवून बघा, बऱ्याचदा सालीवरून घसरते, तीच १००० ची धार लगेच आत शिरते. दोर, पुठ्ठा, पिकलेली फळं, सालीचं काहीही असेल तर जरा खरबरीत धार बरी. हाडाशिवायचं मांस किंवा मासा पातळ कापायचा, पालेभाजी बारीक चिरायची, तर ३००० ते ५००० ची धार छान चालते, कापलेला भाग स्वच्छ राहतो.

म्हणजे तुमचं म्हणणं चूक नाही, काम वेगळं आहे.

सुतारपक्षी

ढकलणं आणि ओढणं, हा मुद्दा मान्य. पण टिकण्याचा मुद्दा सोडवला नाहीत.

लोहगोल

टिकण्याचा प्रश्न ग्रिटइतकाच पोलादावर आहे, म्हणून मधे तोंड घालतो.

जर्मन घराण्यातल्या सुऱ्यांमध्ये सर्रास दिसणारं एक पोलाद आहे, एक्स ५० सीआर एमओ व्ही १५. त्यात कार्बन ०.५ टक्के, क्रोमियम १५ टक्के. सुरीत त्याची कठिणता साधारण ५५ ते ५७ रॉकवेल सी असते (रॉकवेल हे कठिणतेचं माप, आकडा मोठा तितकं पोलाद कठीण). साध्या स्टेनलेस सुऱ्या याच्या आसपास किंवा याहून मऊ. असल्या पोलादाला ८००० ची धार देता येते, पण ती धार मोडत नाही, कलंडते. पाटावर चारदोनदा आपटली की तो सगळा गुळगुळीतपणा गेला. तिथे १००० ते २००० वर थांबणं शहाणपणाचं, कारण मंदावली की दोन मिनिटांत परत आणता येते.

जपानी पद्धतीच्या ६० ते ६४ रॉकवेलच्या सुऱ्यांची गोष्ट वेगळी. पोलाद कठीण, कोन लहान, धार पातळ. त्यांना ३००० ते ६००० चा फायदा दिसतो आणि तो टिकतोही. पण त्या ठिसूळ असतात, गोठलेल्या वस्तूवर किंवा हाडावर मारली की तुकडा उडतो, आणि मग पुन्हा ४०० वर या.

आता दगडाच्या कणाबद्दल. साधे कृत्रिम दगड ॲल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे असतात. सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे जुने लोक कार्बोरंडम म्हणतात ते, जास्त कठीण आणि धारदार, पण कण लवकर फुटतो, म्हणून ते भरड दगडांत जास्त दिसतं. साध्या सुऱ्यांना दोन्ही चालतात. पण ज्या पोलादात व्हॅनेडियम भरपूर आहे, उदाहरणार्थ एस ३० व्ही, ज्यात ते ४ टक्के असतं, त्यातले व्हॅनेडियम कार्बाइडचे कण ॲल्युमिनियम ऑक्साइडहूनही कठीण असतात. बारीक ग्रिटवर तर दगड त्या कणांना कापतच नाही, भोवतीचं पोलाद तेवढं घासतो. तिथे हिऱ्याची पट्टी, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली धातूची पट्टी, हवी. सिरॅमिकच्या पांढऱ्या सुरीलाही हिराच लागतो, साध्या दगडांनी ती सहसा हलत नाही.

मोगरा

हिऱ्याची पट्टी साध्या सुरीला चालते का? पाणी, भिजवणं, सपाट करणं, हे सगळं वाचतं म्हणतात.

लोहगोल

चालते की. सपाट राहते, पाण्याचे दोन थेंब पुरतात, झटपट कापते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, नवी पट्टी तिच्या आकड्यापेक्षा बरीच भरड वागते. काही कण इतरांपेक्षा वर आलेले असतात, ते वापरात बसेपर्यंत खोल ओरखडे पडतात. तेवढ्यावरून पट्टी वाईट ठरवू नका. दोन, दाब देऊ नका. कण निकेलच्या थरात धरलेले असतात, जोर दिला की उपटून येतात आणि मग पट्टी कायमची मंद होते. दगडासारखा खालून नवा थर निघत नाही.

आणि पट्टीचा १००० हा दगडाच्या १००० पेक्षा खरबरीत धार देतो, कारण कण पृष्ठभागावर सुटा उभा असतो, दगडातल्यासारखा अर्धा बुडालेला आणि गाळात लोळणारा नसतो. डीएमटी कंपनीच्या पट्ट्यांचे आकडे बघा: भरड ४५ मायक्रॉन, बारीक २५, अतिबारीक ९. मोगराताई, तुम्हाला पट्टीच घ्यायची असेल तर २५ ची घ्या. ९ ची नंतर कधी वाटलं तर.

खडीसाखर

मी दगड घेऊच का? घरी व्ही आकाराच्या खाचेतून सुरी ओढायचं यंत्र आहे. आणि कुणी म्हणतं काचेवर पॉलिश पेपर चिकटवून होतं. कुणी म्हणतं चिनीमातीच्या कपाच्या बुडावर घासा. नवशिक्याने कुठून सुरुवात करावी?

घासाघीस

व्ही खाचेचं यंत्र दोन प्रकारचं असतं. ज्यात कार्बाइडच्या दोन पात्या आहेत ते सुरीला घासत नाही, खरवडतं. धातूची साल निघते, धार लाटांसारखी वरखाली होते, आणि काही महिन्यांत पातं धारेमागे जाड व्हायला लागतं. घाईच्या वेळी चालवा, पण त्याला धार लावणं म्हणू नका. सिरॅमिक चकत्यांचं जरा बरं, पण कोन त्यांचा, तुमचा नाही.

कपाचं बूड मात्र मस्करी नाही. बुडाची जी कड झिलई नसलेली असते ती खरंच बारीक घर्षक आहे. मंदावलेल्या सुरीला दोन्ही बाजूंनी पाच-पाच हलके हात, एवढ्याने तात्पुरतं भागतं.

मशीनवर धार लावणाऱ्यांबद्दलही एक. कोरड्या चाकावर ठिणग्या उडवत लावलेली धार दिसते झणझणीत, पण धारेच्या पातळ कडेला उष्णता निघून जायला जागा नसते. पोलादावर निळसर छटा आली म्हणजे तिथलं तापमान ३०० अंश सेल्सियसच्या आसपास पोचलं, आणि साध्या कार्बन पोलादाचं पाणी, म्हणजे त्याला दिलेली कठिणता, तिथे उतरलं. ती निळी कड घासून टाकेपर्यंत कुठलाही ग्रिट लावा, धार टिकणार नाही.

यंत्रवाला

खडीसाखर, पॉलिश पेपर ही शिकायला उत्तम सोय आहे. काळा, पाण्यात चालणारा, सिलिकॉन कार्बाइडचा घ्या. जाड काचेच्या तुकड्यावर पाणी शिंपडून तो पसरला की नीट चिकटून बसतो. काचेच्या कडा बोथट करून घ्या किंवा चिकटपट्टी लावा.

आकडे निवडताना मी वर दिलेला 'पी'चा हिशेब लावा. पी ४०० म्हणजे ३५ मायक्रॉन, पी ८०० म्हणजे २१.८, पी १५०० म्हणजे १२.६, पी २००० म्हणजे १०.३. तेव्हा '१००० च्या दगडासारखं' हवं असेल तर पी १५०० किंवा पी २००० वर या, पी १००० वर नाही. मी पी ४००, पी ८००, पी २००० अशी शिडी सुचवेन.

हात मात्र एकाच दिशेने, धार मागे राहील असा ओढायचा. धार पुढे ठेवून ढकललीत तर कागद चिरतो. आणि पेपर लवकर मंदावतो, त्यामुळे थोड्या वेळाने पी ८०० हा पी ८०० राहत नाही. कधी कधी ते सोयीचंच असतं.

खडीसाखर

आणि कोन? सगळे म्हणतात १५ अंश, २० अंश. कोनमापक लावून बसायचं का?

निसणा

कोनमापक नको, मोजपट्टी पुरते. सुरीच्या पात्याची रुंदी मोजा. पाठ दगडापासून त्या रुंदीच्या पाव भागाइतकी उचलली तर साधारण १५ अंश होतात, एक तृतीयांश उचलली तर साधारण २०. पातं ४५ मिलिमीटर रुंद असेल तर १५ अंशांसाठी पाठ जेमतेम १२ मिलिमीटर वर, २० साठी १५ मिलिमीटर वर. तेवढ्या जाडीची नाणी एकावर एक रचून एकदा डोळ्याला सवय करून घ्या. साध्या मऊ पोलादाला दर बाजूला १८ ते २०, कठीण जपानी पात्याला १२ ते १५.

त्याहून कामाची युक्ती म्हणजे मार्कर. दोन्ही उतारांवर शाई लावा, दगडावर दोन-चार हात फिरवा, पुसून बघा. शाई धारेजवळची राहिली असेल तर पाठ खूप खाली आहे, उताराच्या वरच्या भागातली राहिली असेल तर पाठ खूप वर आहे. सगळी गेली तर बरोबर. ग्रिट चुकला तर वेळ जातो, पण कोन ढळत राहिला तर कुठल्याच ग्रिटवर धार येत नाही.

मोगरा

४००/१००० आणला, आणि दोन सुऱ्या केल्या. ४०० वर बर आली, दुसरी बाजू केली, मग १००० वर दोन्ही बाजू. पहिल्या दिवशी सुरी अप्रतिम. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत मंद. हे काय गौडबंगाल? आता बारीक दगड लागणार का?

गार_पाणी

बारीक दगड नाही लागणार. बर राहिली आहे. नव्याने धार लावणाऱ्यांची निम्मी तक्रार हीच असते.

होतं काय, तुम्ही बर आणलीत, पण काढली नाहीत, ती नुसती उभी राहिली. सरळ उभी असलेली बर वस्तऱ्यासारखी कापते, म्हणून पहिल्या दिवशी अप्रतिम. पण ती पापुद्र्याइतकी पातळ असते, पाटावर टेकली की आडवी पडते, नाहीतर तुटून जाते. तुटली की खाली उरतं ते बोथट टोक. लोक याला 'धार टिकत नाही' म्हणतात आणि ६००० चा दगड आणतात.

बर काढायची ती दाब कमी करत करत. १००० वर शेवटी दर बाजूला पाच-सहा हात अर्ध्या दाबाने. मग एक हात इकडे, एक हात तिकडे, असे आळीपाळीने, सुरीच्या वजनाहून जास्त जोर न देता. या शेवटच्या हातांत धार पुढे ठेवा, म्हणजे दगड बर कापून टाकतो. धार मागे ओढत राहिलात तर बर पुन्हा लांबते. दर खेपेला दोन्ही बाजूंनी अंगठ्याने तपासा. बर नुसती एका बाजूवरून दुसरीवर उड्या मारत असेल तर शेवटचे दोनेक हात कोन जरासा वाढवून, अगदी हलक्या हाताने द्या, म्हणजे ती मुळापासून सुटते.

तपासायला सुरी दिव्याखाली धार वर करून धरा आणि सावकाश फिरवा. खऱ्या धारेवर उजेड परततच नाही. जिथे बारीक चमक दिसते तिथे धार सपाट आहे नाहीतर बर लोळलेली आहे. कागद कापतानाही अडखळली की त्या जागी बोट ठेवून लक्षात ठेवा.

लोहगोल

याला जोडून. मऊ स्टेनलेसची बर चिवट असते, तुटत नाही, नुसती वाकत राहते. म्हणून खरं तर साध्या सुऱ्यांना धार लावणं कठीण सुऱ्यांपेक्षा अवघड जातं. इथे चामड्याच्या पट्ट्याचा उपयोग होतो. हिरवी पेस्ट, म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, नावाला अर्धा मायक्रॉनची असते. १००० नंतर थेट पट्ट्यावर दर बाजूला दहा-बारा हात, धार मागे ठेवून, पट्टा खाली दबणार नाही इतक्या हलक्या हाताने. १००० चे दाते राहतात आणि बर जाते. ओढून कापायलाही चांगली, टेकवून कापायलाही चांगली. सुतारपक्षी, तुमच्या ८००० चं बरंचसं सुख यात मिळतं. पट्टा जोरात मारला मात्र की धार गोल होते, मग परत दगड.

सुतारपक्षी

पट्ट्यावर माझा विश्वास आहेच. आज घरातल्या सुरीला १००० आणि मग पट्टा करून बघितलं. टोमॅटोवर ८००० वाल्यापेक्षा बरी चालली, मान्य करतो. कागदावर मात्र आवाज जरा खरखरीत येतो, तो मला आवडत नाही.

तिरकस

सुरीचा आवाज आवडत नाही म्हणून ग्रिट वाढवणारा माणूस प्रथमच पाहिला.

मोगरा

आळीपाळीचे हलके हात देऊन परत केली. आज चौथा दिवस, अजून टोमॅटो चिरतेय. गार_पाणी, आभार.

आता दगडाच्या मधोमध खोलगट लागायला लागलंय. इतक्यात?

निसणा

पाण्याचा दगड झिजतो, तोच त्याचा गुण. वरचा थर सुटतो म्हणून खालचे ताजे कण वर येतात. खोलगट झाला की मात्र कोन दर इंचाला बदलतो. पेन्सिलीने दगडावर चौकटी आखा. काचेवर पी १२० किंवा पी २२० चा काळा पेपर ठेवा, भरपूर पाणी घाला आणि सगळ्या रेघा जाईपर्यंत दगड त्यावर फिरवा. भरड हिऱ्याची पट्टी असेल तर त्याहून लवकर. सपाट करायला वापरलेल्या पेपरचे भरड कण दगडात रुतून राहतात, तेव्हा शेवटी दगड वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासून घ्या. नाहीतर १००० वर एखादाच खोल ओरखडा येत राहील आणि कुठून येतोय ते कळणार नाही. आणि दगडाच्या कडा किंचित घासून बोथट करा, नाहीतर तिथून टवके उडतात.

दुहेरी दगड असेल तर ४०० वरून १००० वर जाताना सुरी, हात आणि दगड तिन्ही धुवा. तेच कारण.

खडीसाखर

दगड भिजत ठेवायचा की नाही? कुठे 'कायम पाण्यातच ठेवा' लिहिलंय, कुठे 'अजिबात नको'.

गार_पाणी

दगडाच्या बांधणीवर आहे. सच्छिद्र, मातीच्या भांड्यासारखा भाजलेला दगड पाण्यात टाकल्यावर बुडबुडे सोडतो. ते थांबेपर्यंत भिजवा, दहा-पंधरा मिनिटं पुरतात. राळेने किंवा मॅग्नेशियाने बांधलेले दगड वरून पाणी शिंपडून वापरायचे. मॅग्नेशियावाला तासन्‌तास भिजवला तर बांधणी मऊ पडते आणि वाळताना तडे जातात. खोक्यावरची सूचना बघा. एकदा तेल लावलेल्या दगडावर मात्र पाणी चालत नाही, तो तेलाचाच ठेवा.

वाळवताना कुठलाही दगड उन्हात किंवा गरम जागी ठेवू नका. धुऊन सावलीत कडेवर उभा ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना हवा लागते. पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात बंद करू नका.

घासाघीस

दातेरी पावाच्या सुरीबद्दल कुणी विचारायच्या आधीच: सपाट दगड तिच्या कामाचा नाही. निमुळती हिऱ्याची किंवा सिरॅमिकची गोल सळी, प्रत्येक खाचेत मापाची बसेल अशी, फक्त ज्या बाजूला खाचा पाडल्यात त्या बाजूने. ६०० च्या आसपासची पुरे. मागची सपाट बाजू १००० वर जवळजवळ आडवी धरून एक-दोन हात, बर निघण्यापुरते.